अमेरिकेतला बंदूक कायदा: खरी गाठ १९७७ ची

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे एकच प्रश्न, हे लोक कायदा का करत नाहीत? अहो केलेत की, आणि सुरुवातीला एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकवाल्यांची संघटना, इतकी आडवी येत नव्हती. १८७१ ची संघटना, यादवी युद्धात सैनिकांचा नेम फारच कच्चा दिसला म्हणून काढलेली. १९३४ मध्ये गँगस्टर लोकांमुळे मशीनगनवर २०० डॉलर टॅक्स लावायची वेळ आली तेव्हा एनआरएचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी कमिटीसमोर सांगितलं की कुणीही उठून बंदूक घेऊन फिरणं आपल्याला मान्य नाही, लायसन्स हवंच. आज हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

मग १९६७. ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायचे, तेव्हा कॅलिफोर्नियात ते कायदेशीरच होतं. ते बंद करायला मलफर्ड बिल आलं, तर २ मे ला हे लोक बंदुकांसकट थेट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. मग काय, बिल झटपट पास, एनआरएचा पाठिंबा आणि सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची! बंदूक कुणाच्या हातात आहे त्यावर मतं कशी बदलतात बघा.

१९६३ मध्ये प्रेसिडेंट जॉन केनेडींना मारलेली रायफल मारेकरी ऑस्वाल्डने पोस्टाने मागवली होती, आणि ती जाहिरात एनआरएच्याच मासिकात आलेली. तरी मेल ऑर्डरवर बंदी यायला १९६८ उजाडलं, मार्टिन ल्यूथर किंग आणि जॉन यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनाही गोळ्या घातल्यावर. प्रेसिडेंट जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंदणी हवी होती, ती मात्र गळाली.

खरी कलाटणी मला वाटतं १९७७ ची. एनआरएच्या नेत्यांना राजकारण कमी करून ऑफिस कोलोरॅडोला हलवायचं होतं, पण सिनसिनाटीच्या अधिवेशनात चिडलेल्या मेंबर लोकांनी रात्रभर सभा चालवून त्यांनाच घरी पाठवलं आणि हार्लन कार्टर यांच्या हातात सूत्रं दिली. तिथून पुढे कुठलंही बंधन नको हीच लाईन. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांचं रजिस्टर ठेवायलाच बंदी घातली, सही परत रेगनचीच, आता प्रेसिडेंट म्हणून, तीही १९८१ मध्ये स्वतः गोळी खाऊन. त्यामुळे आजही गुन्ह्यातली बंदूक शोधायची तर आधी कंपनीला फोन, मग होलसेलरला, मग दुकानाला, आणि दुकान बंद पडलेलं असेल तर वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला त्याचे कागद असतात, ते स्कॅन केलेत पण नाव टाकून सर्च करता येत नाही, माणूस बसून पानं बघतो.

पुढे १९९४ ची असॉल्ट वेपन, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची बंदी २००४ ला मुदत संपून गेली. १७९१ ची शस्त्र बाळगायच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती सगळे उगाळतात, पण मिलिशियाशी, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलाशी, संबंध नसला तरी बंदूक हा प्रत्येकाचा वैयक्तिक हक्क असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं ते थेट २००८ मध्ये, हेलर केसमध्ये, ५ विरुद्ध ४. आणि २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारानंतर अमेरिकेच्या संसदेने जवळपास तीस वर्षांनी एक मोठा कायदा केला, पण त्याच आठवड्यात कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभराहून जास्त वर्षं जुना, बंदूक घेऊन बाहेर फिरायच्या परवान्याचा नियम उडवला.