मेथी : वनस्पतिशास्त्रीय परिचय

(सं. मेथिका, पीतबीजा, हिं. व गु. मेथी, क. मेंत्य, लॅ. ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम, कुल–लेग्युमिनोजी म्हणजेच फॅबेसी, उपकुल–पॅपिलिऑनेटी).

वाटाणा, हरभरा व घेवडा यांच्या कुलातील एक वर्षायू ओषधी (एका हंगामात जीवनक्रम संपवणारी, मऊ खोडाची वनस्पती). उंची साधारणतः ३० ते ६० सेंमी. पाल्यासाठी, दाण्यांसाठी व काही देशांत चाऱ्यासाठी लागवडीत. पुण्याच्या भाजीबाजारात मेथी वर्षभर जुडीने मिळते. मात्र जुडीतली मेथी म्हणजे जेमतेम चार आठवड्यांचे रोप असते. फुलावर येण्याआधीच ते मुळासकट उपटलेले असते. किराणा दुकानातला मेथीदाणा वेगळ्या पिकाचा, मुख्यतः राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशातून येणारा. त्यामुळे रोज मेथी निवडणाऱ्या घरांतही तिचे फूल किंवा शेंग पाहिलेली माणसे थोडीच भेटतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मेथीची खरी ओळख या दोन अवयवांत आणि बीच्या अंतर्रचनेत आहे, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे.

वर्णन : मूळ सोटमूळ प्रकारचे, त्यावर इतर शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) वनस्पतींप्रमाणे गाठी येतात. खोड सरळ, आतून बहुधा पोकळ, विरळ लव असलेले. जागा मिळाल्यास तळापासून फांद्या फुटतात, दाट पेरल्यास एकच शेलाटे खोड वाढते. पाने एकाआड एक, संयुक्त व त्रिदली. दले लांबट-व्यस्त अंडाकृती असून टोकाकडील कडेला बारीक दाते असतात. मधल्या दलाचा देठ बाजूच्या दोन दलांच्या देठांहून लांब असतो. लसूणघास या चारापिकाच्या पानातही असेच असते, त्यामुळे फुलावर न आलेली दोन्ही रोपे नवख्याला सारखीच वाटतात. चुरगाळलेल्या पानाचा वास घेतला की शंका उरत नाही.

रुजताना दोन्ही दलिका (बीतील डाळींसारखी पहिली पाने) जमिनीवर येतात. त्या साध्या, लांबट व मांसल असतात. पाठोपाठ येणारे पहिले पान एकदली असते आणि त्रिदली पाने त्यानंतर सुरू होतात. मुंबई व वसई भागांत ‘समुद्रमेथी’ म्हणून विकली जाते ती वेगळी जाती नसून किनाऱ्याजवळच्या रेताड वाफ्यांत दाट पेरून याच दलिकावस्थेत उपटलेली नेहमीची मेथी होय.

फुले पानांच्या बगलेत एकेकटी किंवा जोडीने येतात व त्यांना देठ जवळजवळ नसतो. संवर्त (पाकळ्यांबाहेरचे हिरवे आवरण) नळीसारखा, पाच दात्यांचा. पुष्पमुकुट (पाकळ्यांचे मंडल) पिवळसर पांढरा, सुमारे दीड सेंमी लांब. तळाशी कधीकधी फिकट जांभळी झाक असते. पतंगरूप फुलाचे पताका (मागची मोठी पाकळी), पंख (बाजूच्या दोन) व नौतल (खालच्या दोन जुळून झालेला होडीसारखा भाग) हे तिन्ही भाग येथे आहेत, परंतु नौतल आखूड व बोथट असल्याने फूल समोरून त्रिकोणी भासते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये स्वीकारलेले ट्रायगोनेला (लहान त्रिकोणी) हे प्रजातिनाम या आकारावरून आले, असे सामान्यतः मानतात. केसरदले (पुंकेसर) दहा, त्यांपैकी नऊ जुळलेली व एक सुटे. परागकोश बहुधा फूल पुरते उमलण्याआधीच फुटतात, त्यामुळे स्वपरागण हाच नियम आहे. मधमाश्या फुलांवर येतात व थोडे परपरागणही होते. शेंग अरुंद, किंचित वाकलेली, ५ ते १० सेंमी किंवा त्याहून थोडी अधिक लांब असून टोकाला लांब चोच असते. तिच्यात साधारण १० ते २० बिया असतात. गुणसूत्रे २न = १६.

वर्गीकरणातील स्थान : मेथी, लसूणघास, बरसीम व पिवळ्या फुलांची रानमेथी ही चारही ट्रायफोलिई या एकाच गटातील आहेत. लसूणघास मेडिकागो प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), बरसीम ट्रायफोलियममध्ये, तर रानमेथी मेलिलोटसमध्ये मोडते. पुण्याच्या आसपासच्या गोठ्यांतला हिरवा चारा आणि मंडईतली मेथी यांचे नाते इतके जवळचे आहे.

ट्रायगोनेला प्रजातीत किती जाती धराव्यात याविषयी एकमत नाही. पन्नासपासून शंभराच्या वर आकडे दिले गेले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ सिरयायेव्ह यांनी १९२८ ते १९३४ या काळात प्रजातीचा विस्तृत आढावा घेतला व नंतरची चर्चा बव्हंशी त्यावर उभी राहिली. मोठा फेरबदल १९८७ मध्ये झाला. लसूणघासाच्या फुलात केसरनलिका (जुळलेल्या केसरदलांची नळी) ताणलेल्या अवस्थेत नौतलात अडकलेली असते. माशी बसताच ती झटक्याने बाहेर उसळते आणि पराग माशीच्या अंगावर बसतो. ट्रायगोनेलात गणलेल्या वीसहून अधिक जातींत हीच यंत्रणा असल्याचे दाखवून वनस्पतिशास्त्रज्ञ स्मॉल व सहकाऱ्यांनी त्या जाती मेडिकागोत हलवल्या. शेंग मळसूत्रासारखी वळलेली की सरळ, या जुन्या कसोटीऐवजी फुलाच्या यंत्रणेला त्यांनी महत्त्व दिले. पुढील रेणवीय अभ्यासांचा कलही या मांडणीला अनुकूल असल्याने ती येथे ग्राह्य धरली आहे. मेथीच्या फुलात अशी उसळी नसते, म्हणून ती ट्रायगोनेलातच राहिली.

मूलस्थान : हा प्रश्न अजून वादग्रस्त आहे. अडचण अशी की, जिला निःसंशय रानटी म्हणता येईल अशी मेथी दाखवणे कठीण जाते. शेताच्या बांधावर किंवा पडीक रानात आढळलेली झाडे लागवडीतून सुटलेलीही असू शकतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाब, काश्मीर, इराण व मेसोपोटेमिया येथील नोंदींवर भर देऊन मेथीचा उगम पश्चिम आशियापासून वायव्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात ठेवला आणि ग्रीसमधील आढळ गौण मानला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलॉव यांनी लागवडीतील विविधतेवरून एकाहून अधिक केंद्रांत तिची गणना केली. परंतु विविधतेचे केंद्र व उगमस्थान एकच असते असे नाही, हे आता सर्वमान्य आहे. इथिओपियातील मेथीची विविधता उल्लेखनीय आहे, पण तेथे ती बाहेरून गेली असावी असे दिसते. रानटी नातेवाइकांत भूमध्यसागरी प्रदेशातील ट्रा. ग्लॅडिएटा आणि लेबनॉनकडील ट्रा. बेरिथिया यांची नावे पूर्वज म्हणून पुढे येतात. दोन्ही लागवडीतल्या मेथीच्याच उपगटातील आहेत.

पुरातत्त्वीय पुराव्यात इराकमधील टेल हलाल येथील जळालेले दाणे सर्वांत जुने मानले जातात; त्यांचा काळ इ. स. पू. ४००० च्या आसपास धरतात. इझ्राएलमधील लाखीश येथील कांस्ययुगीन दाणे व ईजिप्तमधील तूतांखामेनच्या थडग्यातील (इ. स. पू. चौदावे शतक) वाळलेले दाणे हे त्यानंतरचे. पंजाबातील रोहिरा येथूनही मेथीची नोंद झाली असून ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात घालतात. अशा नोंदी वाचताना एक सावधगिरी हवी. पश्चिम आशियातील नवाश्मयुगीन स्थळांवर ट्रायगोनेलाच्या बारीक बिया विपुल सापडतात. त्या बहुधा तणांच्या असून शेणाच्या गोवऱ्या जाळल्याने राखेत आलेल्या असाव्यात. लागवडीतली मेथी ठरवायला दाण्याचा मोठा आकार हीच मुख्य खूण उरते आणि जळालेला दाणा आकसतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर घोड नदीकाठचे इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ डोळ्यांसमोर येते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. तेथील धान्यांच्या परिचित यादीत सातू, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा अशी नावे येतात. मेथी त्यांत ठळकपणे येत नाही. यावरून ती त्या काळी येथे नव्हतीच असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पाल्यासाठी घेतलेले पीक बी धरण्याआधीच संपते आणि कोवळी पाने चुलीच्या राखेत मागे उरत नाहीत. पालेभाज्यांचा इतिहास उत्खननांतून नेहमीच तोकडा दिसतो तो यामुळे.

सर्व बाजू पाहता पूर्व भूमध्यसागर ते मेसोपोटेमिया हा पट्टा उगमस्थान म्हणून अधिक संभाव्य वाटतो. वायव्य भारतात मेथी फार जुन्या काळी पोहोचली असावी. पुढील परिच्छेदात दिलेली बीची घडणही अनिश्चित पावसाच्या प्रदेशाशी सुसंगत आहे. अर्थात तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही.

बी : दाणा पिवळसर तपकिरी, ३ ते ५ मिमी लांब, कोनयुक्त व फार टणक. एका बाजूने तिरकी खोल खाच गेलेली असते. खाचेच्या एका अंगास आदिमूळ (गर्भाचे मूळ) व दुसऱ्या अंगास दलिका अशी गर्भाची मांडणी बाहेरूनच कळते. दाणा रात्रभर भिजवून नखाने सोलला, तर सालीखाली काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत थर सुटून येतो आणि आत पिवळा गर्भ दिसतो. हा थर म्हणजे पुष्क (गर्भाभोवतीचा अन्नसाठा) होय. हरभरा, तूर, वाटाणा यांच्या पक्व बीत पुष्क उरत नाही, सारा साठा दलिकांत असतो. मेथीचे बी मात्र सपुष्क आहे. गवारीचेही तसेच, गवारीचा डिंक निघतो तो या पुष्कातूनच.

पक्व दाण्यातील पुष्काच्या बहुतेक पेशी मृत असतात आणि त्यांच्या पोकळ्या गॅलॅक्टोमॅनन या बहुशर्करेने जवळपास भरून गेलेल्या असतात. जिवंत राहतो तो सर्वांत बाहेरचा, एकाच पेशीच्या जाडीचा ॲल्यूरोन थर. गॅलॅक्टोमॅननच्या रेणूत मॅनोज या साध्या शर्करेची लांब साखळी असून तिला गॅलॅक्टोज या दुसऱ्या शर्करेचे एकेक घटक बाजूने जोडलेले असतात. गवारीत मॅनोज व गॅलॅक्टोज यांचे प्रमाण सुमारे २ : १ असते, तर मेथीत ते जवळजवळ १ : १ भरते. गॅलॅक्टोजची ही दाटी साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून मेथीचा बुळबुळीतपणा पाण्यात सहज पसरतो.

रुजण्याची क्रिया वनस्पतिशास्त्रज्ञ रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात बारकाईने तपासली. आदिमूळ बाहेर पडल्यानंतर ॲल्यूरोन थर तीन एंझाइमे स्रवतो. एक गॅलॅक्टोज सोडवते, दुसरे साखळी तोडते आणि तिसरे तुकड्यांचे मॅनोजमध्ये रूपांतर करते. मोकळ्या झालेल्या शर्करा दलिका शोषून घेतात. रीड व ब्यूली यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, पुष्काचे काम अन्न पुरवण्यापुरते नाही. भिजताना बरेचसे पाणी पुष्क धरून ठेवते व मध्येच ओल तुटली तर गर्भाला कोरडे पडण्यापासून काही काळ वाचवते. पुढे १९९९ मध्ये मॅननच्या साखळीला गॅलॅक्टोज जोडणारे एंझाइम व त्याचे जनुक प्रथम मेथीच्याच पुष्कातून हाती लागले. वनस्पतींच्या पेशीभित्तीतील बहुशर्करा कशा घडतात याच्या अभ्यासात या साध्या दाण्याला मिळालेले स्थान मोठे आहे आणि मसाल्याच्या यादीत तिची बोळवण करताना ते विसरले जाते.

रासायनिक घटक : दाण्यात प्रथिने सुमारे एक-चतुर्थांश. ट्रायगोनेलीन हे अल्कलॉइड याहन्स यांनी १८८५ मध्ये मेथीतूनच प्रथम वेगळे केले; कॉफीच्या कच्च्या बियांतही ते असते. कडूपणा मुख्यत्वे स्टेरॉइडी सॅपोनिनांचा मानतात; त्यांच्या विघटनातून डायोस्जेनिन मिळते. भाजलेल्या दाण्याचा खास वास सोटोलोन या संयुगाचा. तो घाम व लघवीतूनही येतो. प्रसूतीच्या सुमारास आईने मेथी घेतलेली असता नवजात बाळाच्या लघवीला तसाच वास येऊन एका गंभीर जन्मजात चयापचय-विकाराचा चुकीचा संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बाळंतिणीला मेथीचे लाडू देणाऱ्या घरांनी व तेथील डॉक्टरांनी हे माहीत ठेवणे इष्ट.

लागवड : पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, पुरंदर व हवेली तालुक्यांतून पाल्याची मेथी येते, नारायणगावच्या बाजारात जुड्यांचा लिलाव शेकड्यावर होतो. बी वाफ्यांत फेकून किंवा ओळींत पेरतात. थंडीत पाला लुसलुशीत मिळतो; उन्हाळ्यात रोप लवकर फुलावर येते व पाला कडवट, राठ होतो. ‘पुसा अर्ली बंचिंग’ हा परिचित वाण. रोग-किडींत भुरी व मावा मुख्य. मुळांवरील गाठींत एन्सिफर मेलिलोटी हा, लसूणघासाशीही सहजीवन करणारा, जीवाणू असतो. ताज्या जुडीची मुळे धुतल्यास या गाठी कधीकधी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कापल्यावर आत गुलाबी रंग असेल तर त्या नायट्रोजन स्थिर करीत होत्या असे समजावे.

सदृश जाती : कसुरी मेथी (ट्रा. कॉर्निक्युलाटा) ही स्वतंत्र जाती आहे, आता पाकिस्तानात असलेल्या कसूरवरून तिचे नाव पडले. ती सावकाश वाढते, फुले गर्द पिवळी व लांब दांड्यावर झुबक्याने येतात, शेंगा लहान व कोयत्यासारख्या वाकड्या. भारतात तिची मोठी लागवड राजस्थानातील नागौरकडे होते. वाळवलेली साधी मेथी ‘कसुरी’ म्हणून विकली गेल्यास पाल्याच्या चुऱ्यावरून ओळखणे अवघड, पण एखादी शेंग सापडली तर निर्णय लगेच होतो.

‘रानमेथी’ हे नाव सैल वापरले जाते. गहू-हरभऱ्याच्या शेतातील मेलिलोटस इंडिकस या तणाला ते लावतात, तर काही याद्यांत डेस्मोडियम ट्रायफ्लोरम या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीलाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात मेथिका, चंद्रशूर (आळीव), कालाजाजी (कलौंजी) व यवानिका (ओवा) मिळून चतुर्बीज सांगितले आहे. त्याच ठिकाणी रानटी मेथी गुणाने कमी परंतु घोड्यांना हितकर म्हटली आहे. ही वन्य मेथी म्हणजे मेलिलोटस असावी असे काही अभ्यासक मानतात. रोमन लेखक केटो याने इ. स. पू. दुसऱ्या शतकात मेथीचा उल्लेख जनावरांच्या चाऱ्याचे पीक म्हणूनच केला आहे. तिकडे ती लागवडीतली मेथी होती, भावप्रकाशातली घोड्यांची मेथी मात्र रानातली. दोन्ही उल्लेख एकाच वनस्पतीचे धरू नयेत.