उटणे, लेप आणि मुरुमे: एका घरगुती उपायाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दादर पश्चिमेच्या काष्ठौषधीच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, की उटणे घेणाऱ्यांत दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसतात. काही जण नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापुरते एक पुडके घेऊन निघून जातात. काही बायका मात्र तीन-चार पुडकी घेतात आणि ‘मुलीच्या पिंपल्सना लावायचंय’ असे सांगून मुलतानी माती व कडुनिंबाच्या पाल्याची पूड वेगळी बांधून मागतात. दुकानदार दोघांनाही उटणे तेच देतो. अंग स्वच्छ व सुगंधित करण्याचे उटणे आणि मुरुमांवरचा लेप हे आज एकाच पुडक्यात मावतात. पूर्वी ते तसे नव्हते.

मुरुमांवर घरचा लेप लावण्याची परंपरा हजारो वर्षांची आहे, असे सर्रास म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातल्या निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, म्हणजे क्षुद्ररोगांच्या प्रकरणात, तरुणांच्या तोंडावर कफ, वात आणि रक्त यांच्यामुळे उठणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन येते. त्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले आहे आणि उपमा दिली आहे ती शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काटेसावरीचे कोवळे खोड जवळून पाहिले, तर बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार असे ते काटे पाहून ही उपमा किती नेमकी आहे हे पटते. मराठीतला ‘तारुण्यपिटिका’ हा शब्दही याच घराण्यातला.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात या विकारावर सांगितलेला उपचार मात्र आजच्या स्वयंपाकघरातल्या फेस पॅकशी फारसा जुळत नाही. तेथे पहिला मान वमनाला, म्हणजे औषध देऊन ओकारी करवण्याला आहे. लेप त्याच्या जोडीने येतो आणि त्याचे दोन पाठ दिले आहेत: एक वेखंड, लोध्र (एका झाडाची साल), सैंधव आणि मोहरी यांचा, दुसरा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ (एक औषधी मूळ) यांचा. पुढे शार्ङ्गधरसंहितेतही तारुण्यपिटिकांसाठी लोध्र, धने व वेखंड हेच त्रिकूट आले. या पाठांत बेसन नाही, दही नाही, मध नाही आणि, बहुतेकांना नवल वाटेल, हळदही नाही. तिखट, तुरट आणि उग्र अशी ही द्रव्ये आहेत. वेखंड तर मराठी घरात बाळगुटीच्या डब्यात आजही असते. सहाणेवर दुधात किंवा पाण्यात त्याचे एक-दोन वळसे उगाळणाऱ्या आजीला आपण सुश्रुताच्या मुरुमांच्या लेपातले द्रव्य हाताळतो आहोत, याची कल्पना क्वचितच असते. मुरुमावर जायफळ किंवा रक्तचंदन उगाळून लावण्याची घरोघरची रीत मला या जुन्या उपचाराची खरी वारसदार वाटते: थोडेसे द्रव्य, फक्त त्या पुटकुळीवर, बाकीचा चेहरा मोकळा.

संपूर्ण चेहऱ्यावर थापायचा लेप हा निराळा विषय होता. सुमारे सातव्या शतकातल्या वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मुखलेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोष दूर करणारा, विष दूर करणारा आणि वर्ण उजळवणारा. जाडीही अनुक्रमे पाव, एक तृतीयांश आणि अर्धा अंगुळ अशी ठरवून दिली. मग हेमंतापासून शरदापर्यंत सहा ऋतूंचे सहा लेप येतात. त्यांतल्या ग्रीष्मातल्या लेपात कुमुद, कमळ, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन आहे. पण या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ओळ द्रव्यांबद्दल नाही. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो, आणि काढताना तो पुन्हा भिजवून काढावा, असे वाग्भट स्पष्ट सांगतो. लेप लावून दिवसा झोपू नये, बोलू नये, विस्तवाजवळ किंवा उन्हात जाऊ नये, शोक किंवा क्रोध करू नये, हेही तो बजावतो. आज आपल्याकडे चेहरा ताणला गेला, हसताना पापुद्रे पडू लागले, म्हणजे पॅक ‘काम करतोय’ असे समजले जाते. जे शास्त्र पुढे करून हा पॅक विकला जातो, त्याच शास्त्राने ते वर्ज्य मानले होते.

उटण्याचा प्रवास याहून वेगळा. नागरमोथा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची वाळलेली साल अशा सुगंधी द्रव्यांची ही जाडसर पूड तेल लावलेल्या अंगाला चोळण्यासाठी असते, म्हणजे तिचे काम साबणाचे. साबण सर्वसामान्य घरांत पोचण्यापूर्वी डाळीचे पीठ आणि उटणे हीच अंग धुण्याची साधने होती. 1918 च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तेव्हा चरबीमुळे साबणाला हात न लावणाऱ्या घरांचीही अडचण उरली नाही. रोजच्या आंघोळीतून पीठ आणि उटणे हळूहळू मागे पडले, सणापुरते राहिले, आणि मग ‘सौंदर्यसाधन’ म्हणून चेहऱ्यावर परतले. मुलतानी मातीचेही असेच. मुलतानच्या नावाने ओळखली जाणारी ही तेल शोषणारी चिकणमाती केस धुण्यासाठी वापरली जाई; आपल्याकडे आज येणारी माती बहुतांशी राजस्थानची असते, नाव तेवढे मुलतानचे राहिले.

घरचा लेप आणि औषध यांतली सीमारेषा पुसण्यात मुंबईच्या उद्योगाचाही वाटा आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीने 1975 मध्ये हळद आणि चंदनतेल असलेले क्रीम आणले आणि ते सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदिक औषध आहे, हाच त्याच्या जाहिरातीचा गाभा ठेवला. उत्पादन शुल्काच्या दृष्टीने हा फरक मोठा असल्याने वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. हळद औषध की प्रसाधन, हा प्रश्न आपण घरात कधी विचारला नव्हता. तो करआकारणीमुळे विचारला गेला.

हळदीच्या लौकिकाला नव्वदच्या दशकात आणखी एक कारण मिळाले. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर हे गिरगावात वाढलेले आणि माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले, त्यामुळे मुंबईकरांना या विजयाचे विशेष कौतुक वाटले. मात्र तो वाद जखमेसंबंधी आणि ‘हे आधीपासून ठाऊक होते’ एवढ्यापुरता होता. हळदीने मुरुमे जातात, असे त्यातून सिद्ध झालेले नाही.

आधुनिक त्वचारोगशास्त्राची मांडणी थोडक्यात अशी: पौगंडावस्थेत अँड्रोजन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त स्राव करू लागतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, आत जंतू वाढतात आणि दाह होतो. माती वरचे तेल टिपते, आतल्या ग्रंथीला ती हात लावत नाही. वनस्पतिजन्य उपायांपैकी टी ट्री तेलाची चाचणी 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर झाली. मुरुमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइड या औषधाच्या तुलनेत त्याचा गुण उशिरा आला, पण दुष्परिणामांचा त्रास कमी झाला. लिंबाचे मात्र उलटे आहे. त्वचा किंचित आम्लधर्मी, तिचा सामू (पीएच) पाचच्या आसपास. लिंबाच्या रसाचा दोनच्या थोडा वर, म्हणजे तो कितीतरी अधिक आम्ल. तो रस चेहऱ्यावर राहिला आणि त्यावर ऊन पडले, तर काळे डाग किंवा फोडही उठू शकतात.

घरगुती लेपांची अलीकडची लाट समजून घ्यायची, तर एक गोष्ट विसरता येत नाही. गोरेपणासाठी आणि मुरुमांसाठी औषधांच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या स्टिरॉइडयुक्त मलमांनी अनेकांचे चेहरे लाल आणि पातळ करून टाकले, त्यांना नव्याने मुरुमे आणली. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे अनुसूची एचमध्ये घालून डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. ‘केमिकल नको, घरचेच बरे’ या वाक्यामागे पुष्कळदा अशी एखादी ट्यूब असते, आणि ती भीती अनाठायी नाही.

काष्ठौषधीच्या दुकानात लोध्र मागितले, की दुकानदार क्षणभर तोंडाकडे पाहतो आणि मागच्या फळीवरचा डबा काढतो. साल तांबूस, हलकी, ठिसूळ असते. मुलतानी मातीचे पोते मात्र दारातच उघडे ठेवलेले असते.