हँडगनच्या कॅलिबरची बदलती लोकप्रियता: नाईन, फोर्टी आणि फोर्टीफाइव्ह

हँडगनचं कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने तिच्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास. अमेरिकेत पिस्तूल वापरणाऱ्यांमध्ये कुठलं कॅलिबर चांगलं हा वाद शंभरेक वर्षं चालू आहे आणि त्यात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात, ९ एमएम, .४० एस अँड डब्ल्यू आणि .४५ एसीपी (टिंबाने सुरू होणारे आकडे इंचात), बोलताना लोक नुसतं नाईन, फोर्टी, फोर्टीफाइव्ह म्हणतात. यातलं कोण वर आणि कोण खाली हे बदलत आलंय, आणि जरा बारकाईने बघितलं तर दर वेळी गोळीच्या जाडीपेक्षा आजूबाजूच्याच गोष्टींनी निकाल लावलाय, म्हणजे मोठं गिऱ्हाईक कोण होतं, मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, किती मावतात, कायदा आणि स्पर्धेचे नियम काय म्हणतात, आणि सरावाच्या काडतुसांना पैसे किती पडतात.

वयाने नाईन मोठं. जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बनवलं, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये लष्कराने घेतलं. अमेरिकेची वाट वेगळी होती. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढताना .३८ लाँग कोल्टची गोळी लागूनही समोरचा माणूस चालूनच येतो अशा तक्रारी सैन्याकडे आल्या, मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातली जनावरं आणि मानवी प्रेतं यांच्यावर गोळ्या झाडून बघितल्या आणि .४५ पेक्षा लहान गोळी नको असा निष्कर्ष काढला. मोजक्या जनावरांवरची चाचणी ती, आजच्या हिशेबाने फारच तोकडी, पण तिच्यावर पुढची सत्तरऐंशी वर्षं गेली. जॉन ब्राउनिंग यांचं एम १९११ पिस्तूल आणि .४५ एसीपी ही जोडी १९११ मध्ये सैन्यात आली, दोन्ही महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम सगळीकडे गेली, आणि त्या जोरावर घराघरात फोर्टीफाइव्ह म्हणजेच खरं पिस्तूल अशी समजूत बसली.

पोलिसांकडे मात्र या काळात पिस्तूल जवळजवळ नव्हतंच, रिव्हॉल्वर होती, .३८ स्पेशल आणि १९३५ नंतर .३५७ मॅग्नम. नाईनची चाल सुरू झाली ती १९८० च्या दशकात. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने १९११ काढून १५ गोळ्यांचं बेरेटा एम ९ घेतलं, ऑस्ट्रियातून १७ गोळ्यांचं ग्लॉक १७ आलं, आणि सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरवर आयुष्य काढलेल्या पोलीस खात्यांना हे सगळं फारच आकर्षक वाटलं.

आणि मग ११ एप्रिल १९८६ चा दिवस आला. मायामीमध्ये एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपाससंस्थेच्या आठ एजंटांनी दोन बँक दरोडेखोरांची गाडी अडवली आणि जी चकमक झाली तिच्यात जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन एजंट मारले गेले, आणखी पाच जखमी झाले. सुरुवातीलाच एक नाईनची ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) गोळी मायकेल प्लॅट या दरोडेखोराच्या उजव्या दंडातून आरपार होऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. जखम प्राणघातकच होती, पण माणूस लगेच पडला नाही, हातात रायफल होती आणि तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. तपासात बोट त्या थांबलेल्या गोळीकडे गेलं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे, कारण बहुतेकांना पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर घेऊनच रायफलसमोर उभं राहावं लागणं हे त्या दिवसाचं मोठं दुखणं होतं, पण तो एक इंच सगळ्यांच्या डोक्यात बसला आणि पुढची तीस वर्षं कॅलिबरचा इतिहास त्या इंचाभोवतीच फिरला.

त्यातून एक चांगली गोष्ट मात्र झाली, एफबीआयने गोळी तपासायची नीट पद्धत बसवली. दहा टक्के जिलेटिनचा पारदर्शक ठोकळा घ्यायचा, त्याच्यावर गोळी झाडायची, कधी उघड्यावर, कधी मध्ये जाड कपडे, प्लायवूड, भिंतीचा बोर्ड, पत्रा किंवा गाडीची काच ठेवून, आणि गोळी आत किती गेली ते पट्टीने मोजायचं. किमान १२ इंच हवी, १८ च्या पुढे नको. ठोकळ्यातून काढलेली चांगली होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी फुलासारखी उमललेली असते, तोंडाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, आणि वाईट गोळीचं तोंड कपड्याच्या धाग्यांनी बुजून ती न उघडता सरळ पुढे गेलेली असते. बऱ्याच वर्षांचे तोंडी वाद या ठोकळ्याने मोजपट्टीवर आणले, हे या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

एफबीआयने आधी १० एमएम घेऊन बघितलं. ते १९८३ चं दणदणीत काडतूस, पण पूर्ण ताकदीने झाडलं की हाताला जबर धक्का, म्हणून दारू कमी करून १८० ग्रेनची गोळी साधारण ९५० फूट प्रति सेकंदाने सोडायला लागले. आता दारू कमी केली म्हणजे लांब पुंगळीत रिकामी जागा उरली, मग ही जागा हवी कशाला असं म्हणून स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी २५.२ मिलिमीटरची पुंगळी २१.६ वर आणली, आणि जानेवारी १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जाहीर झालं. साडेतीन मिलिमीटरची ही कापाकापी वरवर किरकोळ वाटते पण खरी गंमत तिच्यातच आहे, कारण आता हे काडतूस नाईनच्या मापाच्या मुठीत बसायला लागलं. त्याच आकाराच्या ग्लॉक २२ मध्ये १७ ऐवजी १५ गोळ्या, दोनच कमी, आणि गोळी जास्त जड. १० एमएमवाले चिडून एस अँड डब्ल्यूचा अर्थ शॉर्ट अँड वीक, म्हणजे बुटकं आणि अशक्त असा लावायचे, पण पोलीस खात्यांनी एकामागून एक फोर्टी घेतलं आणि १९९७ मध्ये एफबीआयनेही.

त्यात १९९४ च्या केंद्रीय कायद्याने सामान्य माणसासाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवीन मॅगझिन बंद झालं. नाईनचा मोठा फायदा म्हणजे जास्त गोळ्या, तोच गेला, आणि दहाच मिळणार असतील तर दहा मोठ्या घेऊ असा सरळ हिशेब लोकांनी केला, फोर्टी आणि फोर्टीफाइव्ह दोन्हींना बरे दिवस आले. २००४ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि तो हिशेबही उलटला.

फोर्टी खाली का आलं, तर त्याचा धक्का तीक्ष्ण आहे, फोर्टीफाइव्हसारखा ढकलणारा नाही तर झटका देणारा. नाईन आणि फोर्टी दोन्हींच्या काडतुसातला कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), फोर्टीफाइव्हचा फक्त २१,०००, आणि तोच ३५,००० चा दाब जड गोळीमागे नाईनच्या मापाच्या हलक्या पिस्तुलात लावला की मनगट आणि पिस्तुलाचे पार्ट दोघांनाही त्रास. नवशिक्या पोलिसांचा नेम बिघडायचा, सरावाची काडतुसंही महाग पडायची. दरम्यान गोळ्या बनवणारे जिलेटिनच्या ठोकळ्यावर घासून घासून सुधारत गेले आणि नाईनची होलो पॉइंट सुद्धा १२ इंचांची परीक्षा आरामात पास व्हायला लागली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने लेखी सांगितलं की चांगल्या दर्जाच्या गोळ्यांमध्ये नाईन ते फोर्टीफाइव्हच्या जखमांत दिसण्यासारखा फरक जवळपास नाही, आणि चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतातच, तेव्हा जास्त गोळ्या आणि कमी धक्का हेच बरं. २०१६ मध्ये एफबीआय परत नाईनवर गेली, २०१७ मध्ये सैन्याने सिग सॉअरचं एम १७ निवडलं तेही नाईनच, आणि खात्यांनी विकायला काढलेली वापरलेली फोर्टी पिस्तुलं दुकानांत स्वस्तात यायला लागली.

स्पर्धेच्या रेंजवर मात्र गणित वेगळं चालतं. १९७६ मध्ये सुरू झालेल्या आयपीएससी या नेमबाजी संघटनेत आणि तिच्या अमेरिकी शाखेत, यूएसपीएसएमध्ये, पॉवर फॅक्टर असतो, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फुटात भागिले हजार. १८० ग्रेनची फोर्टी ९५० ने गेली की १७१, यूएसपीएसएच्या मेजरसाठी, म्हणजे वरच्या वर्गासाठी, १६५ लागतात म्हणजे पास, आणि मेजरवाल्याला मधल्या चौकटीबाहेरच्या नेमाचे जास्त गुण मिळतात, लक्ष्याच्या सी भागाला ३ ऐवजी ४. त्यामुळे लिमिटेड गटात फोर्टीचं राज्य खूप टिकलं. पण प्रॉडक्शनसारखे गट सगळ्यांनाच मायनरचे, म्हणजे खालच्या वर्गाचे गुण देतात, तिथे १२५ पुरतात, मग कोण कशाला जास्त धक्का विकत घेईल, सगळे नाईनवर.

बाकीचे संपले नाहीत. फोर्टीफाइव्हची २३० ग्रेनची गोळी सेकंदाला ८३० फुटांच्या आसपास, म्हणजे आवाजापेक्षा सावकाश जाते, म्हणून सप्रेसर, म्हणजे नळीवर बसणारं आवाज दाबणारं साधन, वापरणाऱ्यांना ती आवडते, आणि १९११ वर जीव असलेली माणसं काही तिला सोडत नाहीत. १० एमएम तर अस्वलांच्या मुलखात परत आलं, ग्रीनलंडमध्ये गस्त घालणाऱ्या डॅनिश सिरिअस पथकाकडे ध्रुवीय अस्वलासाठी ग्लॉक २० असतं.

भारतात हा वाद जवळजवळ नाहीच कारण निवड कायदाच करतो. सैन्य आणि पोलिसांकडे ईशापूरला बनलेलं १३ गोळ्यांचं ९ एमएम पिस्तूल, आणि तेच कॅलिबर सामान्य परवानाधारकासाठी प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं. म्हणून आपल्याकडे परवान्यावरचं हत्यार म्हटलं की .३२, पिस्तूल किंवा कानपूरचं रिव्हॉल्वर, आणि काडतुसाच्या बुडावर केएफ असे शिक्के, म्हणजे पुण्यातली १८६९ ची खडकीची अम्युनिशन फॅक्टरी. खेळातही तसंच, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं जिंकलं ते .२२ वर, आणि जसपाल राणाने १९९४ आणि २००६ ला सोनं घेतलं त्या सेंटर फायर प्रकारात नेमबाज सहसा .३२ ची चपट्या तोंडाची गोळी वापरतात, जी कागदावर पंचमशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते.