झोप आपली, हात दुसऱ्याचा

मनाची काळजी म्हटलं की आपण सरळ दोन कप्पे करून टाकतो. एक आपला आपण बघायचा, म्हणजे झोप, व्यायाम, मोबाईल जरा लांब वगैरे, आणि दुसरा माणसांचा, मित्र, नातेवाईक, शेजारी. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, पण यावरचा रिसर्च वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे दोन्ही एकमेकांत पार गुंतलेले आहेत.

आता झोपच घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर या झोपेवर काम करणाऱ्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला, त्यात १८ तरुणांना रात्रभर जागं ठेवलं आणि नंतर कोणीतरी समोरून चालत येणार, नको वाटेल तेव्हा थांब म्हणायचं एवढंच सांगितलं. झोप झालेली असताना हीच मुलं समोरच्याला जितकं जवळ येऊ देत होती त्याच्या बरंच आधी, जागरणानंतर, ‘थांब’ म्हणायला लागली. आणि याच मुलांचे जागरणानंतरचे व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवले तर त्यांना ती एकटी पडल्यासारखी दिसली, यांच्यासोबत काम करायला नको वाटलं, वर बघणाऱ्यांना स्वतःलाच थोडं एकटं वाटायला लागलं! म्हणजे हल्ली कोणी तुटक वागत असेल तर राग धरण्याआधी त्याला झोप कशी लागते ते विचारून बघा, कारण एकटेपणात झोपही सारखी मोडते आणि मग हे चक्र सुरूच राहतं.

दुसरी बाजू बघा. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये १६ विवाहित बायकांवरचा अभ्यास छापला. एमआरआय मशीनमध्ये पडून राहायचं, पायाला हलका शॉक बसू शकतो याची सूचना मिळणार, आणि त्यावेळी कधी नवऱ्याचा हात हातात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागांची धावपळ सगळ्यात कमी झाली आणि संसार जितका सुखाचा तितका हा परिणाम जास्त, पण अनोळखी हातानेही थोडा फरक पडलाच. कोअन यांचं म्हणणं असं की सोबत कोणीतरी आहे हे मेंदू गृहीतच धरून चालतो, त्यामुळे एकटं असलं की सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो जास्त दमतो.

आणि हे लॅबच्या बाहेरही दिसतं. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके, म्हणून डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ मध्ये राजधानी हरारेमध्ये १४ आजींना ट्रेनिंग दिलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी बसणार, आलेल्या माणसाचं ऐकून घेणार आणि त्याच्याच तोंडून एक प्रॉब्लेम निवडून त्यावर काय करता येईल ते काढणार. आधी नावातच मानसिक आरोग्य होतं, तर कोणी फिरकेना, आजींनीच सुचवलं की मैत्रीचा बाक म्हणा. मला तर यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. आजी डिप्रेशन हा शब्दही वापरत नाहीत, तिथल्या शोना भाषेत त्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार, आणि हे कोणालाही पटकन कळतं.

२०१६ मध्ये ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे आकडे आले, सहा महिन्यांनी आजींकडे गेलेल्यांपैकी साधारण १४ टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५० टक्के. मात्र या आजी ट्रेनिंग घेतलेल्या आहेत आणि जास्त त्रास असलेल्याला पुढे पाठवतात हे विसरू नका, जीव द्यायचे विचार येत असतील तर नुसत्या गप्पांवर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा आणि तोपर्यंत त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

बाकावरच्या भेटी साधारण सहा. नंतर तिथून बरे झालेल्यांचा गट असतो, गोल करून बसतात, एकीकडे हातात विणकाम चालू आणि दुसरीकडे गप्पा, आणि नवीन कोणी आलं की सरकून जागा करून देतात.