ल्युपसच्या निदानातल्या ऑटोअँटीबॉडीज

ल्युपस म्हणजे एसएलई (सिस्टेमिक ल्युपस एरिथेमाटोसस), यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या डीएनए आणि प्रोटीन्सविरुद्ध अँटीबॉडीज बनवते. याच ऑटोअँटीबॉडीज, आणि रक्तात त्या शोधणं हा निदानाचा मोठा आधार आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांनी एलई सेल, म्हणजे दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेली पांढरी पेशी, दाखवली तिथून हा प्रवास सुरू झाला.

पहिली टेस्ट एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडीज. हेप-२ नावाच्या माणसाच्या पेशी लावलेल्या काचेवर पेशंटचं सीरम पातळ करून टाकतात, मग चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी घालतात आणि मायक्रोस्कोपखाली केंद्रकं हिरवी चमकली की पॉझिटिव्ह, सगळं केंद्रक सारखं उजळलं तर होमोजिनिअस आणि ठिपके दिसले तर स्पेकल्ड. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये एएनए सापडते, म्हणून २०१९ च्या युरोप-अमेरिकेच्या वर्गीकरण निकषांत कधीतरी १:८० (म्हणजे सीरम ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) किंवा त्यावर एएनए आलेली असणं ही पहिलीच अट आहे. पण १:८० ला धडधाकट माणसांतही साधारण दहातल्या एकाला ती पॉझिटिव्ह येते, थायरॉइडच्या आजारात येते, वय वाढलं की येते. त्यामुळे नुसती एएनए पॉझिटिव्ह बघून घाबरून जायचं काहीच कारण नाही, आणि सांधे, त्वचा, लघवी असं कुठलंच लक्षण नसताना ती उगाच करूच नये असं माझं ठाम मत आहे.

खरा पुरावा पुढच्या टेस्टमध्ये. अँटी-डीएसडीएनए (दुपदरी डीएनएविरुद्धची) आणि अँटी-एसएम (केंद्रकातल्या एसएम प्रोटीन्सविरुद्धची) या दोन्ही ल्युपसच्या खास, त्या निकषांत दोन्हीपैकी एक आली की लागणाऱ्या किमान १० गुणांपैकी ६ मिळतात. अँटी-एसएम थोड्याच पेशंटमध्ये सापडते, पण सापडली तर शंका फारशी उरत नाही. अँटी-डीएसडीएनए एलायझावर (अँटीबॉडी मोजायची नेहमीची लॅब टेस्ट) कमी प्रमाणात आली तर क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जिवावर खात्री करता येते, त्याच्या पोटात डीएनएचा एक वेगळा गोळा असतो आणि तोच चमकतो. हीच अँटीबॉडी बऱ्याच जणांत आजार उसळताना, विशेषतः किडनीवर आला की वाढते आणि सोबत सी३, सी४ ही रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रोटीन्स घसरतात, म्हणून ती परत परत तपासतात. एएनए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा करून काही कळत नाही.

आयसोनियाझिड, हायड्रॅलाझिनसारख्या औषधांनी होणाऱ्या ल्युपसमध्ये अँटी-हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सविरुद्धची) दिसते. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज (फॉस्फोलिपिड या चरबीसारख्या पदार्थांशी जोडलेल्या प्रोटीन्सविरुद्धच्या) रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपाताशी जोडलेल्या, त्या १२ आठवड्यांनी पुन्हा बघाव्या लागतात. आणि अँटी-रो (रो नावाच्या प्रोटीनविरुद्धची अँटीबॉडी) असलेल्या बाईला दिवस राहिले तर बाळाच्या हृदयाचे ठोके लक्ष ठेवून तपासतात, कारण ही अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि क्वचित हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या संदेशात अडथळा, होतो.