साचा मोडला की हसू आटतं?

‘बायको कटकटी आणि नवरा वेंधळा नसेल, तर सिटकॉम (टीव्हीवरची विनोदी मालिका) चालणारच नाही’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. साच्यातलं पात्र प्रेक्षकाला चटकन ओळखू येतं, लेखकाचा वेळ वाचतो, इतकंच. अमेरिकेतली ‘द मेरी टायलर मूर शो’ ही मालिका १९७० ते १९७७ अशी सात वर्षं चालली आणि तिने टीव्ही कार्यक्रमांसाठी दिले जाणारे २९ एमी पुरस्कार मिळवले. नायिका तिशीतली, अविवाहित, वृत्तविभागात नोकरी करणारी. एका भागात तिला कळतं, की तिच्या जागी आधी असलेल्या पुरुषाला जास्त पगार होता. साहेब कारण देतात: त्याला कुटुंब पोसायचं होतं. इथे हसू येतं ते साहेबांच्या तर्काचं, तिच्या बाईपणाचं नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.