गोपनीयतेची शपथ आणि न उघडलेला अहवाल

केंद्रात असो वा राज्यात, मंत्री दोन शपथा घेतो; एक पदाची, दुसरी गोपनीयतेची. मंत्री म्हणून जे समजेल ते कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढे वगळता कोणालाही कळवणार नाही, असे वचन राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतील या दुसऱ्या शपथेत आहे. खासदार-आमदारांना अशी शपथ नसते, आणि लोकप्रतिनिधी मंत्री झाला की त्याचे मतदारांशी असलेले नाते इथेच बदलते.

ही वृत्ती घटनेच्याही आधीची आहे. १८८९ चा गुपितांचा कायदा व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, अधिक कडक झाला आणि १९२३ मध्ये त्याची जागा शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली. माहिती देणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही हा कायदा गुन्हेगार ठरवतो. मात्र गुपित कशाला म्हणावे याची व्याख्या त्यात नाही. परक्या सरकारला ते सोयीचे होते. स्वतंत्र भारताने हा कायदा कायम ठेवावा, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी मागास वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात छापून. खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचे तक्ते हुजुराकडेच जाणार होते, हे खरे. परंतु हुकूमच छापील असल्याने आपला हक्क कोणता, हे रयतेला दाखवून मागता येत होते.

सरकारने काय लपवावे आणि जनतेला काय कळावे, या प्रश्नाचा सर्वांत बोचरा दाखला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सापडतो. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. संरक्षणमंत्री झालेल्या चव्हाणांपुढे लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांचा चौकशी अहवाल आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत या मुद्द्यांवरील निष्कर्ष लोकसभेत सांगितले, पण सुरक्षेला आणि सैन्याच्या मनोबलाला धक्का बसेल म्हणून अहवाल पटलावर ठेवला नाही. वर्षभरापूर्वीच युद्ध झालेले असताना हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु त्याला मुदत घातली गेली नाही. सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे सैनिक टाकळी ज्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तिथे हा निव्वळ दिल्लीचा विषय राहत नाही. ज्या घरांनी मुले सीमेवर पाठवली, त्यांचा या कागदांवर पहिला हक्क आहे.

न्यायालयाने वाट दाखवली ती १९७५ मध्ये. राज नारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सार्वजनिक कारभाराची प्रत्येक कृती जाणून घेण्याचा जनतेला अधिकार असल्याचे नमूद केले. पुढे राजस्थानातील मजुरांनी हजेरीपटाची मागणी रेटली, महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय माहिती अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला. आज कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात साध्या कागदावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवून कोणीही नागरिक अर्ज देऊ शकतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. १९२३ च्या कायद्याशी विसंगती आली तर माहिती अधिकाराचीच तरतूद वरचढ ठरते. मंत्रिमंडळाचे निर्णयही, विषय पूर्ण झाल्यावर, कारणांसह जाहीर करायचे आहेत.

मात्र खरी मेख कलम ८ मध्ये आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी, असे हे कलम सांगते आणि देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार व मंत्रिमंडळाचे कागद त्यातून वगळते. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी १९६३ चा तो अहवाल याच कायद्याखाली मागितला, तेव्हा केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये नकार दिला. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी, त्यातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे, असे संसदेत सांगितले. त्या वेळी युद्धाला ४८ वर्षे होत आली होती.